नाळ पडली का?

आजीचा फोन रोज सकाळी बरोब्बर सव्वाआठला यायचा. साताऱ्याहून. ताईच्या डिलिव्हरीनंतर मी ठाण्याला तिच्याकडेच राहायला गेले होते, त्यामुळे फोन उचलायची ड्युटी माझी. एका हातात टोस्ट, खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि पलीकडून एकच प्रश्न : "नाळ पडली का गं?"

बाळ दूध पितं का, झोपतं का, कुणावर गेलंय, हे सगळं नंतर. आधी नाळ! पहिला आठवडा आम्ही जाम हसलो. जिजू आयटीवाले. त्यांनी फ्रिजवर पिवळी चिठ्ठी चिकटवली, 'नाळ : पेंडिंग'. दहावा दिवस, पेंडिंग. बाराव्या दिवशी बारसं झालं, पेढे वाटले, तरी पेंडिंग. एकविसाव्या दिवशी मात्र आजीचा आवाज बदलला. "माझी पाच बाळंतपणं झाली. कुणाची दहा-बारा दिवसांच्या वर राहिली नाही. डॉक्टरला दाखवा."

ताई वैतागली. नाळ म्हणजे काय पार्सल आहे का, वेळेत पोचायला? पण पंचविसाव्या दिवशी बेंबीभोवती लाल झालं, ओलसर झालं आणि अंग कोमट लागायला लागलं. आम्ही बाळाला दुपट्यात गुंडाळून डॉक्टरांकडे पळालो.

डॉक्टरांनी बेंबी नीट पाहिली. विचारलं, "पू येतो का?"

"नाही हो, अजिबात नाही," ताई लगेच म्हणाली. तिला वाटलं, चला, एक तरी चांगली गोष्ट. डॉक्टरांना ती चांगली वाटली नसावी. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. पांढऱ्या पेशी : ४६,०००. महिन्याभराच्या बाळाचा काउंट आपल्यापेक्षा चढाच असतो, पण तोही साधारण वीस हजारांच्या आत.

जिजूंनी स्वतःला आणि आम्हाला धीर द्यायचा प्रयत्न केला. "पांढऱ्या पेशी म्हणजे सैनिक ना? मग एवढं सैन्य आहे, हे चांगलंच की!"

डॉक्टर म्हणाले, "सैन्य भरपूर आहे. पण मला शंका आहे, ते गाडीतून उतरतच नाहीये."

फास्ट लोकल आणि मधलं स्टेशन

त्या एका वाक्यानं माझी झोप उडाली. पुढचे काही दिवस मी जे मिळेल ते वाचत सुटले. आणि बॉस, आपल्या शरीरात दर क्षणाला काय चाललेलं असतं हे कळल्यावर मी थक्क झाले.

शाळेत आपण काय शिकलो? लाल पेशी ऑक्सिजन वाहतात, पांढऱ्या पेशी जंतूंशी लढतात. पेपरात दोन मार्क, विषय संपला. पण जंतू असतात कुठे? बोटात काटा घुसला तर जंतू बोटाच्या मांसात. सैनिक मात्र रक्तात, म्हणजे पाइपाच्या आत. आणि पाइपातलं रक्त वाहतंय सुसाट. म्हणजे लढाई मधल्या स्टेशनवर आणि सैनिक फास्ट लोकलमध्ये! त्यांना उतरायचं कसं?

उत्तर असं की ते आधी भिंतीला हात लावतात, मग गडगडतात, मग थांबतात आणि मग भिंतीतून बाहेर पडतात. चार स्टेप्स. यातली एक जरी चुकली तरी पुढचं सगळं फुकट.

पहिली स्टेप. काटा घुसला की त्या भागातल्या बारीक शिरांच्या आतल्या अस्तराला खबर लागते. अस्तराच्या पेशींमध्ये सिलेक्टिन नावाचं प्रथिन आधीच भरून ठेवलेलं असतं, पाहुण्यांसाठी बरणीत चकल्या ठेवाव्यात तसं. खबर लागली की काही मिनिटांत ते भिंतीच्या आतल्या बाजूला येतं. त्याचाच एक भाऊ आहे, तो ताजा बनतो, त्याला काही तास लागतात. हे सिलेक्टिन म्हणजे भिंतीला लावलेले बारीक आकडे. पांढऱ्या पेशीच्या अंगावर खास साखरेचे गोंडे असतात, ते या आकड्यांत अडकतात.

पावसाळ्यात ट्रेकला गेलात की आघाड्याची कुसळं पॅंटला चिकटतात ना, तसंच. पण ही पकड पक्की नसते. पुढचा आकडा लागतो, मागचा सुटतो, पुढचा लागतो, मागचा सुटतो... आणि पेशी भिंतीवरून गोटीसारखी गडगडत जाते. यालाच शास्त्रज्ञ रोलिंग म्हणतात. या शिरांमध्ये रक्ताचा वेग सेकंदाला साधारण मिलिमीटरच्या आसपास. गडगडणारी पेशी तेवढ्या वेळात जेमतेम काही शतांश मिलिमीटर जाते. थोडक्यात, फास्ट लोकलमधली प्रवासी आता प्लॅटफॉर्मवरून रमतगमत चाललीये.

दुसरी स्टेप, वास घेणं. वेग कमी झाल्यामुळे पेशीला भिंतीवरचे रासायनिक निरोप वाचता येतात. 'इथेच उतर, इथे गडबड आहे.' सुसाट जाताना ही पाटी दिसलीच नसती.

तिसरी स्टेप, पक्का ब्रेक. निरोप मिळाला की पेशीच्या अंगावरचं दुसरं प्रथिन, इंटिग्रिन, जागं होतं. एरवी ते गुडघ्यात वाकून बसल्यासारखं असतं. आता ते ताठ उभं राहतं आणि भिंतीला घट्ट धरतं. गडगडणं बंद. पेशी जागेवर गच्च. चौथी स्टेप : पेशी चपटी होते, अस्तराच्या दोन पेशींमधली फट शोधते, अंग चोरून त्यातून बाहेर सरकते आणि जंतूंकडे निघते. हे सगळं काही मिनिटांत!

निरगाठ आणि सुरगाठ

यातली मला सगळ्यात आवडलेली गंमत सांगते. साधी अपेक्षा काय? दोरी जास्त ओढली की लवकर सुटेल. म्हणजे रक्त जोरात वाहिलं की पेशी भिंतीवरून लवकर निसटेल. पण सिलेक्टिनचं उलटं! एका मर्यादेपर्यंत जेवढं ओढाल तेवढी पकड जास्त टिकते. २००३ मध्ये शास्त्रज्ञांनी एकेका रेणूची पकड मोजून हे प्रत्यक्ष दाखवलं. आपल्याकडे सुरगाठ आणि निरगाठ असा फरक आहे बघा. सुरगाठ ओढली की सुटते, निरगाठ ओढली की आवळते. सिलेक्टिन म्हणजे निसर्गानं मारलेली निरगाठ. फक्त फार ताण आला तर तीही सुटते. आणि प्रवाह अगदीच मंद झाला तर रोलिंग होतच नाही. म्हणजे या पेशींना नीट ब्रेक लावता यायला आधी थोडी धावपळ लागते. डेडलाइनशिवाय काम न करणाऱ्या आपल्यासारख्यांना हे पटायला हरकत नाही.

हे पेशींचं गडगडणं माणसानं पाहिलं ते आजकालच्या महागड्या मशिनवर नव्हे. एकोणिसाव्या शतकातच बेडकाची पातळ, पारदर्शक जीभ साध्या मायक्रोस्कोपखाली ताणून धरून पाहिलं होतं. १८६७ मध्ये जर्मन डॉक्टर यूलियस कोनहाइम यांनी सूज आणि पू यांचा संबंध उलगडला : पू म्हणजे जागेवर तयार झालेली घाण नव्हे, तर रक्तवाहिनीतून बाहेर आलेल्या पांढऱ्या पेशी. पेशी भिंतीला नेमक्या कशानं चिकटतात हे कळायला मात्र आणखी शंभरावर वर्षं गेली. १९८९ च्या सुमारास सिलेक्टिन घराण्याची ओळख पटली. १९९१ मध्ये अमेरिकेत टिमथी स्प्रिंगर आणि त्यांचे सहकारी मायकल लॉरेन्स यांनी काचेच्या चपट्या नळीत प्रवाह सोडून दाखवलं की गडगडायला सिलेक्टिन आणि थांबायला इंटिग्रिन, दोन्ही लागतात. इंटिग्रिनच्या शोधासाठी स्प्रिंगर यांच्यासह तिघांना २०२२ मध्ये मानाचं लास्कर पारितोषिक मिळालं.

तुमच्या रिपोर्टमध्ये न दिसणारे

आता जरा तुमच्याकडे वळू. ऑफिसचं वार्षिक हेल्थ चेकअप झालं, काउंट ११,८०० आला, लाल अक्षरात. लगेच नेट उघडून स्वतःला तीन-चार भयंकर आजार लावून घेतले. केलंय ना? मीही केलंय.

एक लक्षात घ्या. न्यूट्रोफिल या मुख्य लढवय्या पेशींपैकी साधारण अर्ध्या कुठल्याही क्षणी भिंतीच्या कडेला, विशेषतः फुप्फुसांतल्या बारीक शिरांमध्ये रेंगाळत असतात. हातातून रक्त काढलं की त्या मोजल्या जात नाहीत. लॅबचे चार जिने धावत चढलात, बॉसशी भांडून आलात किंवा सुई बघूनच घाबरलात की अॅड्रेनलिनमुळे कडेच्या पेशी सुटून प्रवाहात येतात आणि काउंट वाढतो. दम्यासाठी किंवा अॅलर्जीसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असल्या तरी वाढतो. त्यात भिंत सोडून प्रवाहात आलेल्या पेशी असतात, हाडांतल्या मगजातून नव्यानं आलेल्याही असतात. सिगरेट ओढणाऱ्यांचा काउंटही जरा चढा राहतो. म्हणून एकट्या आकड्यावर निकाल लावायचा नाही. दहा मिनिटं शांत बसून मग रक्त द्यायचं आणि घेत असलेली औषधं डॉक्टरांना सांगायची. वाढलेला काउंट टिकून राहिला, सोबत ताप असला, वजन घटत असलं तर मात्र 'मी जिना चढलो होतो' ही सबब चालणार नाही.

आकडा म्हणजे रक्षण नव्हे. हे मला आमच्या बाळाच्या ४६,००० नी शिकवलं.

पू न होणं ही वाईट बातमी

बाळाचं रक्त मोठ्या लॅबमध्ये गेलं. तिथे पेशींवर रंगीत खुणा चिकटवून त्या लेझरसमोरून एकेक करून सोडतात. तपासायचं एवढंच होतं, सीडी-१८ नावाचं प्रथिन पेशींवर आहे की नाही. पांढऱ्या पेशींच्या पक्क्या ब्रेकचा, म्हणजे त्यांच्या मुख्य इंटिग्रिनचा, तो अर्धा भाग.

नव्हतं. जवळजवळ नव्हतंच.

आजाराचं नाव ल्यूकोसाइट अॅढेशन डेफिशियन्सी, पहिला प्रकार. डॉक्टर मंडळी त्याला 'लॅड-वन' म्हणतात. पेशी तयार होतात, भिंतीवर गडगडतातही. पण थांबता येत नाही, म्हणून बाहेर पडता येत नाही. जखमेला मदत पोचत नाही, शरीर आणखी सैन्य पाठवतं, तेही रक्तात फिरत राहतं. म्हणून काउंट एवढा प्रचंड. जंतुसंसर्ग वाढला तर तो लाखाच्या वरही जातो.

आणि नाळ? नाळ सुकून आपोआप पडते असं आपल्याला वाटतं. खरं तर पांढऱ्या पेशी तिथे पोचतात, नाळ आणि बेंबीच्या सांध्यातला भाग विरघळवतात, म्हणून ती सुटते. पेशी पोचल्याच नाहीत तर नाळ लटकत राहते. पू का नव्हता, तेही आता कळलं. गळू झालं की आजी म्हणायची, "पिकू दे, मग मोकळं होईल." पिकणं म्हणजे पांढऱ्या पेशी येऊन पोचल्या. आमच्या बाळाचं काही पिकतच नव्हतं. जखम होती, जंतू होते, पण पू नव्हता, आणि डॉक्टरांना खटकलं होतं ते नेमकं हेच.

हा आजार दुर्मीळ आहे. आई आणि वडील दोघांकडून एकेक बिघडलेलं जनुक आलं तरच होतो. दोघं स्वतः ठणठणीत असतात, त्यामुळे आधी काही कळत नाही. जवळच्या नात्यातल्या लग्नात तोच बिघाड दोघांकडेही असण्याची शक्यता वाढते. ताई-जिजू लांबच्याही नात्यातले नाहीत, तरी झालं. दर गरोदरपणात शक्यता चारात एक. तीव्र प्रकारात उपचार झाले नाहीत तर बरीच मुलं दोन वर्षांचीही होत नाहीत. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा लॅपटॉप बंद केला होता. ताईला कित्येक महिने सांगितलं नाही. नंतर कळलं, तिनंही ते त्याच रात्री वाचलं होतं आणि मला सांगितलं नव्हतं.

मुंबईचं नाव, परळचा पत्ता

वाचता वाचता आपली मुंबई भेटली. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एका नव्या रक्तगटाची माहिती छापली. हे रक्त तपासणीत ओ गटासारखं दिसायचं, पण ओ गटाचं रक्तही त्याला चालायचं नाही. आज जगभर त्याला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' म्हणतात. शहराचं नाव बदललं, रक्तगटाचं तेच राहिलं.

या गटात लाल पेशींवर फ्यूकोज नावाच्या साखरेचा एक तुकडा नसतो. आता आठवा, रोलिंगसाठी पांढऱ्या पेशींवर साखरेचे गोंडे लागतात. त्या गोंड्यांतही फ्यूकोज असते! १९९२ मध्ये इस्रायलमधल्या दोन मुलांची माहिती प्रसिद्ध झाली. वारंवार जंतुसंसर्ग, काउंट भरमसाट, पू नाही. आणि दोघांचाही रक्तगट बॉम्बे. त्यांच्या पेशींमध्ये फ्यूकोज जागेवर पोचवणारी यंत्रणाच बिघडलेली होती. त्यामुळे लाल पेशींवरचा तुकडा गेला आणि पांढऱ्यांवरचे गोंडेही गेले. आमच्या बाळाला थांबता येत नव्हतं, या मुलांच्या पेशींना गडगडताच येत नव्हतं. हा झाला आजाराचा दुसरा प्रकार, पहिल्याहूनही दुर्मीळ. त्यातल्या काही मुलांना तोंडावाटे फ्यूकोज देऊन फरक पडला, सगळ्यांना नाही.

बॉम्बे गटाच्या वाचकांनी घाबरू नये. तुमच्यात फक्त लाल पेशींवरची साखर चढवणारं जनुक वेगळं असतं, पांढऱ्या पेशींचे गोंडे शाबूत असतात. तुमची काळजी एकच, रक्त लागलं तर आपल्याच गटाचं लागतं. तेव्हा दात्यांच्या यादीत नाव नोंदवून ठेवा.

आणि परळचं काय? केईएम हॉस्पिटलच्या आवारात राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था आहे, आयसीएमआरची. सीडी-१८ सारख्या तपासण्या आणि अशा मुलांवरचा अभ्यास तिथे होतो. आपण त्या रस्त्यानं मॉलमध्ये सिनेमाला जातो आणि आपल्याला पत्ताही नसतो.

थांबणंही बेतानंच

मग पेशी भिंतीला जास्तीत जास्त चिकटाव्यात का? तसंही नाही. हृदयाच्या रक्तवाहिन्यांत चरबीचे थर जमायला सुरुवात होते, तेव्हा एका जातीच्या पांढऱ्या पेशी नको तिथे चिकटून आत शिरतात. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये त्या मेंदूत घुसतात. त्यांचा ब्रेक अडवणारं नॅटालिझुमॅब हे औषध अमेरिकेत २००४ मध्ये आलं. २००५ मध्ये काही रुग्णांना मेंदूचा गंभीर जंतुसंसर्ग झाल्यामुळे ते बाजारातून काढून घेतलं गेलं आणि २००६ मध्ये कडक अटींवर परत आलं. पेशींना मेंदूबाहेर ठेवलं तर तिथल्या विषाणूला रान मोकळं! हा तोल कुठल्याही गोळीनं सहज साधता येत नाही. शरीर मात्र तो दर मिनिटाला साधत असतं.

फ्रिजवरची चिठ्ठी

बाळाची नाळ शेवटी अडतिसाव्या दिवशी पडली, अँटिबायोटिक्सच्या भडिमारात. फ्रिजवरची चिठ्ठी कुणी काढली, आठवत नाही. पक्का उपाय एकच होता, दुसऱ्या कुणाच्या तरी मूळ पेशी देणं, म्हणजे बोन मॅरो ट्रान्सप्लांट. सख्ख्या भावंडाशी जुळण्याची शक्यता चारात एक. बाळाची मोठी बहीण पाच वर्षांची. जुळली! आधी तिला समजावून सांगितलं, "तुझ्याकडच्या थोड्या पेशी बाळाला द्यायच्या, म्हणजे त्याला बरं वाटेल." ती म्हणाली, "परत देणार ना?"

ट्रान्सप्लांटनंतरचे महिने सोपे नव्हते. मास्क, उकळलेलं पाणी, घरात पाहुण्यांना बंदी, दर आठवड्याला रक्त. पण एका तपासणीत सीडी-१८ दिसलं. टक्केवारी मला आजही पाठ आहे, पण सांगत नाही, नजर लागेल. आज भाचा ज्युनिअर केजीत आहे. मागच्या महिन्यात सायकलवरून पडला, गुडघा खरचटला, दोन दिवसांनी जखमेत चक्क पू झाला. ताईनं जखम धुऊन डॉक्टरांना दाखवली आणि मला फोन केला. ती रडत होती. हसतही होती. पू झाला म्हणून आनंद झालेली ती मुंबई-ठाण्यातली एकमेव आई असावी.

तुमच्याकडे, मैत्रिणीकडे, ऑफिसातल्या कुणाकडे बाळ आलं तर एवढं लक्षात ठेवा. नाळ साधारण एक ते दोन आठवड्यांत पडते. तीन आठवड्यांच्या वर राहिली तर डॉक्टरांना दाखवा. बहुतेक बाळांना काहीही झालेलं नसतं, नाळ नुसतीच रेंगाळलेली असते. पण सोबत बेंबी लाल असेल, ताप असेल किंवा काउंट फार वाढलेला असेल तर 'बघू थोडे दिवस' म्हणू नका. घरात आधी एखादं तान्हं मूल जंतुसंसर्गानं गेलेलं असेल, तर तेही डॉक्टरांना आवर्जून सांगा. अशी गोष्ट आपल्याकडे घराबाहेर सहसा कुणी बोलत नाही, डॉक्टरांना मात्र ती कळायलाच हवी.

आणि गावाहून रोज सकाळी फोन येत असेल तर उचला. आमच्या वरच्या मजल्यावर परवाच बाळ झालंय. आजी सध्या आमच्याकडेच आहे. काल लिफ्टमध्ये तिनं त्या नव्या बाबाला गाठलंच. पेढ्याचा बॉक्स हातात घेतला, त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं...

काय विचारलं, ते तुम्हाला माहीत आहे. भेटू पुढच्या आठवड्यात!